आम्ही कुणाचं तरी गरीब गाव होतो

ओहायोतल्या एका चर्चच्या भिंतीवर 'अकोला' लिहिलेलं सापडलं. मग जठारपेठेतल्या शेजारच्या आजींनी त्या भिंतीची दुसरी बाजू सांगितली...

क्लायंट कॉलवर 'तू नेमकी कुठली?' असा प्रश्न आला की मी 'निअर नागपूर' म्हणून मोकळी होते. अकोला ते नागपूर अडीचशे किलोमीटर. पण अमेरिकन माणसाला अडीचशे किलोमीटर म्हणजे कोपऱ्यावरचं दूध आणायला जाण्याइतकं, तेव्हा चालून जातं. गेल्या डिसेंबरात मात्र मी सुट्टीसाठी घरी होते, जठारपेठेतल्या आमच्या गच्चीवरून लॅपटॉप मांडीवर घेऊन काम चाललं होतं, मागे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, आणि त्या मूडमध्ये मी खरं सांगून टाकलं. अकोला.

पलीकडे ओहायोची माझी काऊंटरपार्ट. गोड बाई आहे. रिलीज नाइटला तीच एकटी आमच्या टाइम झोनचा विचार करते. ती एकदम थांबली. "स्पेलिंग सांग," म्हणाली. मी सांगितलं. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, सोबत मोबाइलवर काढलेला एक फोटो. तिच्या चर्चच्या कॉरिडॉरमध्ये एक मोठी भिंत आहे. चर्चने आजवर ज्या ज्या परदेशी गावांना मदत केली, त्यांचे फोटो तिथे लावलेत. रंगीत फोटो मलावीतल्या गावाचे. नवी बोअरवेल, शाळेची खोली, हसणाऱ्या बायका. आणि एका कोपऱ्यात, जुन्या लाकडी फ्रेममध्ये, तपकिरी पडलेला एक फोटो. उघड्या अंगाची पाच-सहा पोरं, डोकी भादरलेली, रांगेत बसलेली. खाली शाईने लिहिलेलं: अकोला, बेरार, इंडिया.

तिने खाली लिहिलं होतं, "आम्ही तुमच्या गावाला मदत करायचो! किती छान योगायोग!"

बॉस, खोटं कशाला बोलू? मला राग आला. आमच्या गावाला मदत? आमच्या अकोल्याला? कापसाची बाजारपेठ, कृषी विद्यापीठ, गांधी रोडवरची गर्दी, आणि मे महिन्यातलं ते पंचेचाळीस डिग्री तापमान, ज्याचा आम्हाला छुपा अभिमान आहे! मी 'वॉव' टाइप केलं, एक स्माइली टाकली आणि लॅपटॉप बंद केला.

पण तो फोटो काही डोक्यातून जाईना. सगळ्यात जास्त खुपत होती एक साधी गोष्ट. चारच महिन्यांपूर्वी आमच्या पुण्याच्या ऑफिसच्या सीएसआर डेला मी मावळातल्या एका शाळेत गेले होते. वह्या वाटल्या, भिंतीवर एक वाकडा हत्ती रंगवला आणि पोरांना रांगेत बसवून फोटो काढला. तो माझ्या इन्स्टावर आहे. दोनशे बारा लाइक्स.

आमच्या गल्लीत, दोन घरं सोडून, सिस्टर आजी राहतात. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या, वय ऐंशीच्या घरात. आख्ख्या गल्लीची इंजेक्शनं त्यांनीच टोचलीत. माझ्यासकट. दर रविवारी पांढरी साडी नेसून, रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी भांडून त्या चर्चला जातात, आणि नाताळात आमच्याकडे त्यांच्या करंज्या येतात. मी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आजी, हे काय प्रकरण आहे?

त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"याच्यात माहा आजा नाही," त्या म्हणाल्या. "पन असाच होता. डोस्क्यावर केस नाही न् अंगात सदरा नाही. तुले काऊन राग आला वं? आमी होतोच न गरीब."

पुढचे तीन दिवस मी ऑफिसचं काम संपलं की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. जे ऐकलं आणि मग पुस्तकांत शोधून पडताळलं, ते असं.

ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकेतली संघटना. मूळचे कॅनडाचे आणि न्यूयॉर्कमध्ये पाद्री असलेले ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली तिची सुरुवात केली. तिच्या भारतातल्या कामाचं मुख्य ठाणं मुंबई-दिल्लीत नव्हतं, वऱ्हाडात होतं. अकोल्यात! मार्कस आणि जेनी फुलर हे जोडपं इथलंच. जेनीबाईंनी हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालांवर एक पुस्तक लिहिलं. ते १९०० साली निघालं आणि त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. दुष्काळानंतर या मंडळींनी मुलांचा अनाथाश्रम अकोल्यात आणि मुलींचा खामगावला चालवला. शेजारच्या यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, वर अचलपूर-मेळघाटकडे कोरकूंमध्ये काम करणारी वेगळीच मिशनं. थोडक्यात, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या अनेक चर्चच्या दानपेटीवर 'बेरार' हे नाव असायचं. आज मलावीचं असतं तसं.

आणि कारण होतं दुष्काळ. १८९६-९७चा एक आणि १८९९-१९००चा दुसरा. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१च्या जनगणनेत ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची, ती जवळपास दीड लाखाने घटली.

अमेरिकेत तेव्हा 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाचं साप्ताहिक होतं. संपादक लुई क्लॉप्श. आजच्या भाषेत, क्राउडफंडिंगचा बादशहा. हाडं दिसणाऱ्या माणसांचे हिंदुस्थानातले फोटो त्याने छापले आणि चर्चाचर्चांतून पैसा गोळा केला. १८९७ साली 'सिटी ऑफ एव्हरेट' नावाची बोट सॅन फ्रान्सिस्कोहून मका घेऊन कलकत्त्याला आली. १९०० साली 'क्विटो' ही बोट न्यूयॉर्कहून मुंबईला, पोटात सुमारे दोन लाख बुशेल मका. म्हणजे पाच हजार टन. शेतकऱ्यांनी, शाळकरी पोरांनी, रविवारच्या प्रार्थनेला आलेल्या बायांनी दिलेल्या पैशातून आणि धान्यातून भरलेली बोट. आजींचा आजा म्हणे शेवटपर्यंत मक्याच्या कणसाला 'बोटीची ज्वारी' म्हणायचा. त्याने खाल्लेला मका कोणत्या बोटीतला होता, देव जाणे.

इथपर्यंत ऐकून माझा राग थोडा निवळला होता. च्यायला, कोण कुठले आयोवाचे शेतकरी, त्यांनी आपल्यासाठी बोट भरली. पण मग माइक डेव्हिस या अमेरिकन इतिहासकाराच्या २००१ साली आलेल्या दुष्काळांवरच्या पुस्तकातला एक आकडा हाती लागला आणि मी पुन्हा उठून बसले. १८९९-१९००च्या त्याच दुष्काळात वऱ्हाडातून कापसाच्या हजारो गाठी तर बाहेर गेल्याच, पण ७ लाख ४७ हजार बुशेल धान्यही बाहेर गेलं. वऱ्हाडातून. बाहेर.

दोन लाख बुशेल आख्ख्या हिंदुस्थानसाठी आले, आणि साडेसात लाख बुशेल एकट्या वऱ्हाडातून गेले. हे गणित करायला एक्सेल लागत नाही. 

वऱ्हाड तेव्हा कंगाल मुलूख नव्हता हो. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांनी कारभार घेतला तोच कापसासाठी. खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला, त्याच्या उद्घाटनाला १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. ज्वारीच्या जमिनीत कापूस आला आणि शेतकरी पैशावर व सावकारावर जगू लागला. पाऊस हुकला तेव्हा बाजारात धान्य होतं, ते घ्यायला खिशात काही नव्हतं. जे होतं ते जास्त भाव देणाऱ्याकडे निघून गेलं. रूळ तेच, स्टेशन तेच. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावर आख्खं पुस्तक लिहिलंय, ते अकोल्यातल्या प्रत्येक कॉलेजात असायला हवं. ('हवं' म्हणते आहे. आहे का ते जाऊन बघा.)

त्या चर्चच्या भिंतीवर मात्र यातलं काही नाही. तिथे फक्त भादरलेली डोकी. फोटोत भूक दिसते. मालगाडी दिसत नाही.

आता आजींच्या आजाची गोष्ट. तो कोणत्या आश्रमात वाढला ते नाव त्यांनी छापू दिलं नाही, म्हणून देत नाही. वऱ्हाडातल्याच एका. १९०० साली तो सहा-सात वर्षांचा असेल. आईबाप वाटेत गेले. गावाचं नाव त्याला सांगता येत नव्हतं. आठवण एकच, घरच्या विहिरीचं पाणी खारट होतं. म्हणजे पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, इतकंच. त्या पट्ट्यात शेकडो गावं, आणि बहुतेक विहिरी खारट. पुढे नोकरीला लागल्यावर, म्हणे, तो सुट्टीत दर्यापूरकडे जाऊन गावोगावच्या विहिरींचं पाणी चाखून पाहायचा. आपली विहीर कोणती ते ओळखता येईल म्हणून.

"सापडली?" मी विचारलं.

"सारीच खारट, पोरी. कशी सापडन?"

आश्रमात त्याला भाकर मिळाली, अक्षर मिळालं, सुतारकाम मिळालं. नवा धर्म मिळाला आणि नवं नावही. मी आजींना सरळच विचारलं. भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा, हा सौदा तुम्हाला खटकत नाही? आपल्याकडे यावरून अजूनही मारामाऱ्या होतात, टीव्हीवर तर रोजच. आजी चिडल्या नाहीत. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते: "त्याले कोनी इचारलं नाही, हे खरं हाये. पन दुसऱ्या कोनी भाकर बी इचारली नाही, हे बी खरं हाये. मी त्याच्या नंतर जन्मली. माहा येशू मले उसना नाही लागत." यावर मी काय बोलणार?

त्यांना खटकलेली गोष्ट वेगळीच होती. पत्रं.

आश्रमातल्या मुलांचा खर्च उचलायला परदेशी दाते असत. आजाचा खर्च अमेरिकेतली एक 'मिस' उचलायची. वर्षातून एकदा त्याने तिला पत्र लिहायचं. मराठीतून लिहायचं, मग कुणीतरी त्याचं इंग्रजी करायचं. मी बरा आहे, मी प्रार्थना करतो, आपले आभार. दरवर्षी तेच. एका वर्षी त्याने शेवटी एक ओळ घातली, 'तुमच्याकडे पाऊस येतो का?' पत्र तपासणाऱ्याने ती खोडली. असं दात्याला विचारू नये म्हणून.

"दुष्काळातून आलेलं लेकरू," आजी म्हणाल्या, "त्याले पावसाबिगर काय सुचनार? अन् आजा आनखी एक सांगे. दरसाल त्याचा फोटू काढून तिकडं धाडत. तिचा फोटू कधी आला नाही. म्हातारा मरेपर्यंत म्हने, मिसचं तोंड कसं होतं मले मालूम नाही."

तुमच्या-माझ्यापैकी किती जण दरमहा आठशे-हजार रुपये कुठल्यातरी मुलाच्या नावाने भरतात? बरेच असतील. ऑटो-डेबिट लावलं की आपण सुटलो. वर्षाला एक प्रगतिपत्रक येतं, एक चित्र येतं, एक फोटो येतो. फ्रिजवर लावायला. हा सगळा फंडा असा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कोरियात नव्याने उभा राहिला. वर्ल्ड व्हिजन १९५०ची, कम्पॅशन १९५२ची, दोन्ही कोरियातल्या युद्धातून अनाथ झालेल्या मुलांसाठी. गंमत बघा, तोच दक्षिण कोरिया २०१०पासून श्रीमंत दात्या देशांच्या ओईसीडी समितीचा सभासद आहे. तिथले चर्चवालेही आता आफ्रिकेतली गावं दत्तक घेतात. एका पिढीचा फोटो भिंतीवर, पुढची पिढी कॅमेऱ्यामागे. आमच्या सीएसआर डेचं वेगळं काय होतं?

आणि हा धागा किती पटकन तुटतो! कम्पॅशन इंटरनॅशनलचं काम भारतात जवळपास अर्धशतक चाललं. २०१६ साली केंद्र सरकारने त्यांच्या पैशावर पूर्वपरवानगीची अट घातली आणि मार्च २०१७मध्ये त्यांनी इथलं काम बंद केलं. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांचा प्रश्न होता. सरकारचं म्हणणं काय आणि संस्थेचं काय, त्यात मी पडत नाही, दोन्हीकडे वकील आहेत. पण दोघांच्या मध्ये एक पोर असतं, ज्याला गेल्या वर्षीपर्यंत परदेशातून वाढदिवसाचं कार्ड येत होतं.

२०२०च्या दुरुस्तीनंतर तर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच मुख्य शाखेतल्या खात्यात येते, मोठ्या संस्थेला ती पुढे छोट्या संस्थेला देता येत नाही, आणि ऑफिसखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. म्हणजे ओहायोतल्या बाईंना आज जठारपेठेतल्या एखाद्या मंडळाला शंभर डॉलर द्यायचे म्हटले, तर ते १९००च्या बोटीपेक्षा अवघड आहे. उलट मला मलावीला द्यायचे असतील तर सोपं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात आणि त्यात देणगीही बसते. ८०जीची सूट मात्र विसरा. (अडीच लाख डॉलर! आपली झेप शंभर डॉलरची, पण असो.)

मदत घेणाऱ्याने हिशेब कसा मागावा, याचा धडा खरं तर आपल्याच एका बाईने घालून दिलाय. पंडिता रमाबाई १८८६मध्ये अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, गावोगाव बोलल्या. १८८७ साली बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली आणि ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. दहा वर्षं मदत करू, असं वचन घेऊन त्या परतल्या. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे धर्मावरून भरपूर गदारोळ झाला, टिळकांनी झोडपलं, हे शाळेत वाचलंय आपण. पण बारकाईने बघा. पैसा अमेरिकेचा, आणि सदनाला काय हवं हे सांगणारी बाई इथली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. मुली खिळे जुळवायच्या. अमेरिकेतल्या फोटोत त्या गरीब दिसत असतील, छापखान्यात त्या कामगार होत्या. रमाबाई स्वतः दात्यांना पत्रं लिहायच्या आणि त्यांच्या पत्रातल्या ओळी खोडायला कुणी नव्हतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

मेळघाटातही असंच एक उदाहरण आहे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, बैरागडचे, २०१९चे पद्मश्री. ते तिथे गेले डॉक्टर म्हणून. लोक म्हणाले, आमच्या गुरांचं आणि शेतीचंही काहीतरी करा. मग या माणसाने शेतीचं शिकून घेतलं, पुढे रेशनचं दुकानही चालवलं. कारण पोरं आजारी पडायची ती आधी उपाशी असायची म्हणून. मागणी गावाची, शिकणारा डॉक्टर.

मेळघाटाचं नाव उगाच नाही काढलं. सिस्टर आजींच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पत्र्याचा डबा आहे. रोज सकाळी भाकरीचं पीठ काढायच्या आधी एक मूठ ज्वारी त्यात पडते. त्यांच्या चर्चमधल्या बऱ्याच बायका असं करतात. ही पद्धत आपल्याकडे सगळ्याच धर्मांत आहे, माधुकरीची, मुठीची. मिझोराममध्ये चर्चच्या बायका १९१०पासून प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यातून आज तिथलं चर्च शाळा, दवाखाने चालवतं, बाहेरच्या राज्यांत माणसं पाठवतं. ज्यांना कधीकाळी वेल्सच्या चर्चने मदत केली, ते लोक! आजींच्या मंडळाचं काम एवढं मोठं नाही. वर्षातून एकदा ज्वारी आणि घोंगड्या घेऊन ते मेळघाटातल्या एका कोरकू पाड्यावर जातात. अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट.

मी विचारलं, तिथे फोटो काढता का?

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, काढतो. मंडळाचा बॅनर धरून. दोन वर्षांपूर्वी तरुण मुलांनी पोरांना रांगेत बसवलं, प्रत्येकाच्या हातात घोंगडी, मागे आजी आणि मंडळी. "मी उठून गाडीत जाऊन बसली. कोनाले सांगितलं नाही काऊन ते. पाय दुखते म्हनून सांगितलं." मंडळातले लोक त्यांना तेव्हापासून खडूस म्हणतात. एक जण तर म्हणाला, फोटो नाही तर लोक पुढच्या वर्षी पैसे कशावर देतील? आणि त्याचंही खोटं नाही. क्लॉप्शने फोटो छापले नसते तर बोट भरली असती का? आजींच्या आजाला मका मिळाला असता का? हा प्रश्न मी तीन रात्री घोळवला, माझ्याकडे उत्तर नाही. फोटोने पोट भरलं आणि फोटोनेच तो जन्मभर भिंतीवर अडकला. दोन्ही खरं.

एक मात्र मी त्यांना विचारलं. मदतीतलं टिकलं काय? त्यांनी बोट दाखवलं. ओसरीतली बाकडी. सागवानी, बिनखिळ्याच्या सांध्यांची, आजाने स्वतः केलेली. त्या सुतारकामावर त्याने तीन मुलं शिकवली. एक मुलगा मास्तर झाला, त्याची मुलगी नर्स. कोणाच्या तरी एका डॉलरमधून एक रंधा आला होता, तो पुढे ऐंशी वर्षं चालला. मका आठ दिवसांत संपला. पण मका मिळाला नसता तर रंधा धरायला हात उरले नसते, असंही आजीच म्हणाल्या. त्यामुळे 'धान्य नको, कौशल्य द्या' वगैरे आपले कॉन्फरन्स रूममधले डायलॉग त्यांच्यापुढे काढायची माझी हिंमत झाली नाही.

जानेवारीत पुण्याला परतल्यावर मी ओहायोवालीला मेल लिहिला. तीनदा लिहिला, दोनदा डिलीट केला. आजींच्या आजाची गोष्ट सांगितली. पावसाची ओळ सांगितली. बोटीबद्दल आभार मानले, मनापासून. आणि मालगाडीबद्दलही लिहिलं, दोन्ही आकड्यांसकट. शेवटी विचारलं, मलावीच्या त्या गावात तुमच्या चर्चचा एखादा फोटो आहे का? तुम्ही कसे दिसता, तुमच्याकडे काय पिकतं, तुमची कोणती फॅक्टरी बंद पडली, हे त्या बायकांना माहीत आहे का? त्या तुम्हाला काही विचारतात का, आणि विचारलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतं का?

दहा दिवस उत्तर नाही. मला वाटलं, संपलं, आता स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये ही बाई माझ्याशी बोलणार नाही. मग उत्तर आलं, लांबलचक. तिने माझा मेल त्यांच्या मिशन कमिटीसमोर वाचला. अर्धे लोक गप्प झाले. एक म्हातारे गृहस्थ चिडले, आम्ही चांगलं करायला गेलो तर त्यातही खोट काढायची का म्हणून. त्यांचाही मुद्दा मला समजतो. मग एकीने मलावीतल्या त्यांच्या समन्वयकाला विचारलं, तर तो म्हणाला, गावातल्या बायकांनी दोन वर्षांपूर्वीच निरोप दिला होता. शाळेची दुसरी खोली नंतर बांधा, आधी मका दळायची गिरणी द्या, आम्हाला दळणासाठी फार लांब चालत जावं लागतं. तो निरोप रिपोर्टच्या सातव्या पानावर होता. कोणी वाचला नव्हता. आता गिरणीचा विषय अजेंड्यावर आलाय. जुना फोटो भिंतीवरून काढायचा की नाही यावर मात्र एकमत झालं नाही, तो तिथेच आहे. खाली एक चिठ्ठी लावायचं ठरतंय, तिच्यात काय लिहावं ते तिने मलाच विचारलंय. मी अजून लिहिलेलं नाही. माझा इन्स्टावरचा फोटोही अजून तिथेच आहे. काढला तर काय होणार, आणि ठेवला तर काय, हे ठरत नाहीये.

गिरणीचं ऐकून सिस्टर आजी फोनवर खो-खो हसल्या. म्हणाल्या, बायांचं सारीकडे एकच हाये, दळन! चर्चच्या लोकांचा एक ग्रुप फोटो तिकडे मलावीला धाडणार आहेत, हेही मी सांगितलं. 

"धाडतीन तवा पाहू," त्या म्हणाल्या. "तू मार्चात येऊन राह्यली न? मंडळाची गाडी जाते मेळघाटात. मले घाटात मळमळते, तू संग चाल. आन् येताना ते पुन्याचे लिमलेटचे गोळे आन, लेकरायले नाही, मले."